गिटार अ‍ॅम्पचे व्हॉल्व्ह: आपल्या लाइनवर आणि आपल्या रस्त्यांवर कोणते टिकतील?

एप्रिलमध्ये भीमजयंतीचे कार्यक्रम, मग गणपती आणि शारदेचे ऑर्केस्ट्रा, दिवाळीनंतर वडसा-नागभीडकडे झाडीपट्टीची नाटकं. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प घेऊन हे सगळं करणाऱ्या गिटारवाल्याला कधी ना कधी व्हॉल्व्ह (आवाज मोठा करणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या) बदलावेच लागतात. त्यावर वाचायला-ऐकायला मिळतं ते बहुतेक आवाजाबद्दल असतं: कोणता गोड, कोणता कडक, कोणाचा खर्ज भरदार. आवाज मलाही प्यारा आहे, पण हे सांगणाऱ्यांकडे लाइन २३० व्होल्टवर स्थिर असते, अ‍ॅम्प खोलीतून हलत नाही आणि व्हॉल्व्ह गेला तर दुसऱ्या दिवशी दुकानात मिळतो. आपल्याकडे यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. म्हणून माझी निवड आधी टिकाऊपणावर, मग सहज मिळण्यावर आणि शेवटी आवाजावर होते.

पैसे खर्च करण्याआधी कोणता व्हॉल्व्ह गेला ते शोधा. सरसकट सगळा सेट बदलण्याची गरज क्वचितच असते. पॉवर व्हॉल्व्हच्या, म्हणजे शेवटी स्पीकरला ताकद देणाऱ्या व्हॉल्व्हच्या आतली प्लेट (धातूचा पत्रा) लालबुंद होत असेल तर अ‍ॅम्प ताबडतोब बंद करा. काचेच्या माथ्यावरचा चंदेरी थर पांढराफटक पडला असेल तर आत हवा शिरली, तो व्हॉल्व्ह संपला. काचेवर आतून दिसणारी निळसर झाक मात्र बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. त्यासाठी चांगला व्हॉल्व्ह फेकू नका.

छोट्या, म्हणजे गिटारचा क्षीण सिग्नल आधी वाढवणाऱ्या प्रीअ‍ॅम्पच्या व्हॉल्व्हची परीक्षा कानाने होते. गिटारचा प्लग काढा, व्हॉल्यूम निम्म्यावर ठेवा आणि पेन्सिलच्या रबरी टोकाने एकेका व्हॉल्व्हला हळूच टिचकी मारा. इनपुटजवळच्या पहिल्या व्हॉल्व्हवर हलकी ‘टक’ ऐकू येणारच, त्यात दोष नाही. पण टिचकीनंतर ‘टंऽऽग’ असा नाद घुमत राहिला किंवा शिट्टी सुरू झाली, तर तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक झाला. नुसती घूंऽ अशी हम येत असेल तर आधी अर्थिंग तपासा. मंडपातल्या बोर्डाला बरेचदा अर्थिंगच नसतं आणि बोल व्हॉल्व्हला बसतो. अर्थिंग नसताना गिटारच्या तारांवर हात ठेवून माईकला ओठ लागले तर जिवावर बेतू शकतं, तेव्हा हे काम टाळू नका.

प्रीअ‍ॅम्प: पहिल्या जागेवर पैसे घाला

जवळजवळ प्रत्येक गिटार अ‍ॅम्पमध्ये १२एएक्स७ असतो. युरोपात त्यालाच ईसीसी८३ म्हणतात, वस्तू एकच. इनपुटजवळच्या पहिल्या जागेवर जो बसतो, त्याचा प्रत्येक खरखराट पुढचे सगळे टप्पे मोठा करतात. त्यामुळे उत्तम व्हॉल्व्ह तिथे लावा, मागच्या जागांना साधा चालतो.

स्लोव्हाकियातल्या चाडत्सा गावी बनणारा जेजे कंपनीचा ईसीसी८३एस माझी पहिली पसंती. आतल्या प्लेट आखूड असल्यामुळे टेम्पोत आदळआपट झाली तरी तो सहसा मायक्रोफोनिक होत नाही. आवाज थोडा दबका, वरची चमक कमी. स्पीकर कर्कश असेल तर उलट बरंच. रशियातल्या सारातोव्हचा इलेक्ट्रो-हार्मोनिक्स जास्त स्पष्ट बोलतो, खरखर कमी, आणि तोही दणकट. त्याच कारखान्याचा टंग-सोल आणखी चमकदार आहे. एकट्या गिटारसाठी सुंदर, पण कीबोर्ड आणि ऑक्टापॅडच्या गर्दीत टोचतो. सोव्हटेकचा लांब प्लेटचा १२एएक्स७एलपीएस घरी किंवा स्टुडिओत छान वाटतो, पण कॉम्बोमध्ये (स्पीकर आणि बाकी सगळं एकाच पेटीत) स्पीकरच्या वरच बसणाऱ्या पहिल्या जागेवर मी तो लावणार नाही. लांब प्लेट लवकर थरथरते. चिनी व्हॉल्व्ह स्वस्त असतात आणि त्यातले काही खरंच गोड वाजतात, पण एका खोक्यातला दुसऱ्यासारखा निघेल याची खात्री नाही. निवडून घेता येत असेल तर घ्या, न बघता मागवू नका.

ब्रँडपेक्षा मोठा फरक नंबर बदलून पडतो. १२एएक्स७चा वर्धनांक (सिग्नल किती पट वाढवू शकतो तो आकडा) १००, ५७५१चा ७०, १२एटी७चा ६०, १२एवाय७चा ४५च्या आसपास आणि १२एयू७चा २०च्या आसपास. पिना सारख्याच असल्यामुळे हे पहिल्या जागेवर बसतात. भीमगीतांच्या कार्यक्रमात गिटार बहुतेक वेळ स्वच्छ ठेका धरते आणि गायकाचा माईक दोन हातांवर असतो. तिथे १२एएक्स७ असला की साउंडवाल्याची हाक येते, “भाऊ, तुह्या अ‍ॅम्पचा आवाज माईकमंदी घुसून रायला ना!” अशा वाजवणाऱ्याने पहिल्या जागी ५७५१ लावून पाहावा. खरखर आणि शिट्टी दोन्ही कमी होतात आणि व्हॉल्यूमचा नॉब एकदम उसळत नाही. रॉक वाजवणाऱ्याने मात्र १२एएक्स७च ठेवावा, नाहीतर अ‍ॅम्प थंड वाटेल.

पॉवर व्हॉल्व्ह: छोट्या अ‍ॅम्पचा ईएल८४

पंधरा वॅटचा कॉम्बो, म्हणजे व्हॉक्स एसी१५ किंवा फेंडर ब्लूज ज्युनिअर, दोन ईएल८४वर चालतो. हा नऊ पिनांचा लहानसा व्हॉल्व्ह आहे. त्याची प्लेटची मर्यादा १२ वॅट आणि मूळ तक्त्याप्रमाणे ३०० व्होल्ट. गिटार अ‍ॅम्प बनवणारे त्याला सर्रास त्याहून जास्त व्होल्टेज देतात, म्हणजे नव्या व्हॉल्व्हचंही आयुष्य आधीच ताणलेलं असतं. वरून आपली लाइन चढली की तो लाल होतो.

म्हणून इथे मी सोव्हटेकच्या ईएल८४एमला पहिला नंबर देतो. मूळ रशियन लष्करी वापराच्या धर्तीवरचा हा व्हॉल्व्ह व्होल्टेजचा मार सोसतो. त्याचा आवाज फाटायला वेळ लागतो. कमी व्हॉल्यूमवर फाटका आवाज हवा असेल त्याला तो कोरडा वाटेल. जेजेचा ईएल८४ गुबगुबीत आवाजाचा, तोही मजबूत आणि बहुतेकदा मिळायला सोपा. ईएल८४एम न मिळाल्यास डोळे झाकून जेजे घ्या. साधा इलेक्ट्रो-हार्मोनिक्स ईएल८४ आवाजात या दोघांच्या मधला, पण लाइन जिथे फार चढते तिथे मी तो तिसऱ्या नंबरवर ठेवेन.

जोडी ‘मॅच्ड’च घ्या. दोन व्हॉल्व्ह सारखा करंट ओढत नसतील तर एकावर जास्त भार पडतो आणि हम वाढते. एसी१५मध्ये जोडी लावली की काम झालं. ब्लूज ज्युनिअरचा बायस (वाजत नसतानाही व्हॉल्व्हमधून किती करंट वाहावा याची जुळवणी) कारखान्यातून पक्का असतो, फिरवायला नॉब नाही. त्यामुळे विकणाऱ्याकडून कमी करंट ओढणारी जोडी मागावी.

ईएल३४ की ६एल६

हा प्रश्न मोठ्या अ‍ॅम्पवाल्यांचा आणि त्याचं उत्तर अ‍ॅम्पच देतो: मार्शलसाठी साधारणपणे ईएल३४, मोठ्या फेंडरसाठी ६एल६जीसी. दोघांचं सॉकेट आठ पिनांचं, त्यामुळे एक काढून दुसरा लावावासा वाटतो. असं करू नका. ईएल३४चा हीटर (आतली तापणारी तार) १.५ अँपिअर ओढतो, ६एल६जीसीचा ०.९. जोडीमागे १.२ अँपिअरचा जादा भार ट्रान्सफॉर्मरवर येतो आणि पिन क्रमांक १ची जोडणीही वेगळी असते. कंपनीने दोन्ही चालतील असं सांगितलं असेल तरच बदला.

नवी जोडी लावली की बायस लावून घ्यावा लागतो. प्लेटच्या वॅट मर्यादेच्या ७० टक्के हा रूढ हिशोब. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर २५ वॅटच्या ईएल३४ला ३९ मिलिअँपिअर आणि ३० वॅटच्या ६एल६जीसीला ४७च्या आसपास. खेड्यातल्या लाइनवर मी ६० टक्क्यांवरच थांबायला सांगेन, म्हणजे त्याच ईएल३४ला ३३. आवाजातली किंचित ऊब जाईल, पण लाइन चढली तरी व्हॉल्व्ह सुखरूप राहील. हे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करा. अ‍ॅम्प बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चारशे-पाचशे व्होल्ट शिल्लक असू शकतात.

जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह

आपल्याकडच्या जुन्या घरांत माळ्यावर मर्फी, फिलिप्स, बुशचे रेडिओ अजून निघतात आणि त्यात बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे म्हणजे ‘बेल’चे व्हॉल्व्ह असतात. ते खरंच चांगले बनलेले आहेत. पण रेडिओत बहुधा ईएल८४ एकच असतो आणि तो वर्षानुवर्षं पूर्ण करंटवर चाललेला असतो. अ‍ॅम्पला मॅच्ड जोडी लागते, ती दोन रेडिओंतून जुळणं कठीण. ईसीसी८३ साध्या रेडिओत सहसा नसतोच, तो जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये किंवा लाउडस्पीकरच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सापडतो. असा बेलचा ईसीसी८३ हाती लागला, माथा चकचकीत चंदेरी असला आणि टिचकीच्या परीक्षेत पास झाला, तर आनंदाने पहिल्या जागी लावा. चालता रेडिओ मात्र त्यासाठी मोडू नका.

इंग्लंडच्या ब्लॅकबर्नमधला जुना मुलार्ड किंवा जर्मन टेलिफंकन न वापरलेला मिळाला तरी नव्याच्या कितीतरी पट पैसे पडतात आणि खोटा छापही फार चालतो. टेम्पोतून फिरणाऱ्या अ‍ॅम्पसाठी तो खर्च मला पटत नाही. नव्या खोक्यावर मुलार्ड, टंग-सोल किंवा गोल्ड लायन लिहिलेलं असेल तर माल सारातोव्हचाच असतो. नाव विकत घेतलेलं आहे. माल चांगला असतो, पण जुन्या नावासाठी जादा पैसे मोजताना हे माहीत असावं. २०२२मध्ये युद्ध सुरू झाल्यावर रशियाची निर्यात काही काळ अडली आणि भाव चढले. तेव्हापासून रशियन व्हॉल्व्ह आवडत असला तरी पर्याय म्हणून जेजे डोक्यात ठेवलेला बरा.

व्होल्टेज, जे सगळ्या ब्रँडवर भारी पडतं

व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात आणि त्यात १० टक्के वरखाली चालतं. अ‍ॅम्प २३० व्होल्टचा असेल तर भिंतीतल्या प्लगवर ही मर्यादा २०७ ते २५३ होते. संध्याकाळी गावात सगळ्यांचे दिवे-पंखे सुरू आणि शेतातले पंपही चालू असतील तर १८० मिळतात. हीटरला तेव्हा जेमतेम ४.९ व्होल्ट पोचतात आणि आवाज मलूल होतो. रात्री उशिरा पंप बंद झाले, भार उतरला की तीच लाइन २६०वर जाते, हीटर ७.१वर आणि प्लेटचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात वर. झाडीपट्टीतलं नाटक पहाटेपर्यंत चालतं, म्हणजे व्हॉल्व्हचा सर्वात वाईट काळ नेमका प्रयोगाच्या उत्तरार्धात येतो.

इथे कोणताही ब्रँड तुम्हाला वाचवत नाही, स्टॅबिलायझर वाचवतो. पंधरा ते चाळीस वॅटच्या कॉम्बोला ५०० व्हीएचा पुरे. सर्वो (मोटरने व्होल्टेज सलग जुळवणारा) मिळाला तर उत्तम. रिलेचा घेतला तर टप्पा बदलताना स्पीकरमध्ये ‘टक’ येईल, तेवढं चालवून घ्या. व्हॉल्व्हचं बजेट आणि स्टॅबिलायझरचं बजेट यात एकच परवडत असेल तर साधे व्हॉल्व्ह आणि स्टॅबिलायझर घ्या. इन्व्हर्टरवर वाजवायचं असेल तर साइन वेव्हचाच हवा, नाहीतर अ‍ॅम्प भुणभुणतो.

मे महिन्याच्या ४५ अंशांची भीती बरेच जण घालतात. व्हॉल्व्हची काच स्वतःच दीडशे-दोनशे अंशांवर तापते, तिला त्या उन्हाचं फारसं काही नाही. त्रास होतो तो कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मरला. अ‍ॅम्पची पाठ मंडपाच्या कापडाला टेकवू नका. कार्यक्रम संपला की अ‍ॅम्प लगेच टेम्पोत चढवू नका. तापलेल्या हीटरची तार धक्क्याने तुटू शकते, पंधरा-वीस मिनिटं थांबा. ब्लूज ज्युनिअरसारख्या कॉम्बोत व्हॉल्व्ह उलटे लटकतात, त्यांच्या तारेच्या क्लिपा शाबूत आहेत ना ते पाहा.

आता खरेदी. नागपुरात सीताबर्डीवर विचारून पाहा, पण जोडी मोजून देणारा विक्रेता बहुधा मुंबईचा किंवा ऑनलाइनच भेटेल. पंधरा वॅटच्या कॉम्बोसाठी मी असं मागवेन: पहिल्या जागेला जेजे ईसीसी८३एस किंवा स्वच्छ वाजवणाऱ्याला ५७५१, मागच्या जागांचे चालत असतील तर तेच राहू द्यायचे, ईएल८४एमची एक मॅच्ड जोडी, आणि सोबत एक सुटा १२एएक्स७. पैसे देण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: जोडीतल्या दोन्हींचा मोजलेला करंट किती, मायक्रोफोनिकची चाचणी केली का, वाटेत फुटला तर बदलून देणार का. पार्सल आल्यावर उघडतानाचा व्हिडिओ काढा. काढलेली जुनी जोडी चालती असेल तर नव्या खोक्यात गुंडाळून, वर तारीख लिहून अ‍ॅम्पच्या पिशवीतच ठेवा.