ऑक्टेविया व्हीआरएसवर मिशेलिन पायलट स्पोर्ट ४: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

गाडी स्कोडा ऑक्टेविया व्हीआरएस २३०, २०१७ ची. टायर मिशेलिन पायलट स्पोर्ट ४, माप कंपनीचंच: २२५/४५ आर १७ (रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ४५ टक्के, रिम १७ इंची), त्याला जोडून ९४ वाय. गेल्या मे महिन्यात बसवले, आता पुन्हा उन्हाळा तापलाय. मधे चौदा हजार किलोमीटरच्या आसपास झाले. पुण्यातलं रोजचं ऑफिस, अधूनमधून आंबोलीमार्गे सावंतवाडीला घरी, पावसाळ्यात ताम्हिणी आणि एकदा समृद्धीने नागपूर. नवा टायर पहिले हजार किलोमीटर कुणालाही छानच वाटतो, त्यामुळे पावसाळा जाईपर्यंत काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

ही गाडी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन लिटर टर्बो पेट्रोल, २३० पीएस, ३५० न्यूटन मीटर टॉर्क, आणि हा सगळा जोर फक्त पुढच्या दोन चाकांवर. गाडी ओढायची त्यांनीच, वळवायची त्यांनीच, आणि ब्रेक दाबल्यावर जास्तीचा भार घ्यायचा तोही त्यांनीच. अशा गाडीत टायर जरा कमी पडला की लगेच कळतं. माझे आधीचे टायर शांत, आरामदायी जातीचे होते. त्यांचं नाव घेत नाही, कारण दोष त्यांचा नव्हता, वयाचा होता. पाच वर्षं उलटून गेली होती. खाचा शिल्लक होत्या, पण रबरात नख रुतत नव्हतं. चांदणी चौकातल्या चढावर ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये जरा पाय दिला की चाक जागेवर फिरायचं आणि डॅशबोर्डवर ट्रॅक्शन कंट्रोलचा, म्हणजे चाक घसरू नये म्हणून जोर आवरणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा फडफडायचा. किलोमीटर बघून टायर बदलणारे बरेच आहेत, तारीख बघणारे फार कमी.

आता निवड. "पॉवरफुल गाडी आहे, मग स्पोर्टी टायर घे," इथपर्यंत सगळेच येतात. पण आपल्याकडे कोरड्या रस्त्यावरची शेवटची पाच टक्के ग्रिप वापरायला जागाच कुठे आहे? एक्स्प्रेसवेवर मर्यादा १००, समृद्धीवर १२०. टायरवरच्या 'वाय' अक्षराचा अर्थ टायरला ताशी ३०० किलोमीटरपर्यंतचा वेग चालतो, 'डब्ल्यू'चा २७०, 'व्ही'चा २४०. यातला कुठलाही आकडा मला कधी लागणार नाही. माझ्या लेखी या गाडीसाठी टायर निवडायचा तो जुलैसाठी. ओल्या, तेलकट, लाल मातीचा ओहोळ वाहून आलेल्या वळणावर ब्रेक दाबल्यावर गाडी कुठे थांबते, हा पहिला प्रश्न. दुसरा, खड्ड्यात साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, टिकते का. बाकी आवाज, अॅव्हरेज, आयुष्य हे सगळं त्यानंतर.

म्हणून टायरवर कोरलेली अक्षरं वाचायला शिका असं मी प्रत्येकाला सांगतो. अमेरिकन पद्धतीच्या मानांकनात तीन गोष्टी असतात: ट्रेडवेअर (झीज), ट्रॅक्शन (पकड), टेंपरेचर (उष्णता सोसणं). पायलट स्पोर्ट ४ वर '३२०, एए, ए' असं लिहिलंय. लोक ३२० कडे बघतात, आणि दुकानदारही "साहेब, हा घ्या, याचा ४०० आहे, जास्त चालेल" असं सांगतो. पण हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांच्या आकड्यांची तुलना फारशी कामाची नाही. एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये मात्र अंदाज येतो. मला महत्त्वाचं वाटतं ते ट्रॅक्शनचं 'एए'. ते ओल्या डांबरावर आणि ओल्या काँक्रीटवर सरळ रेषेत ब्रेक मारून ठरतं. वळणावरची ग्रिप त्यात मोजलेली नसते, हे लक्षात ठेवायचं. युरोपियन लेबलवर ओल्या रस्त्यासाठी वेगळं अक्षर असतं, तेही बघावं.

९४ हा भार-निर्देशांक, म्हणजे एका टायरला ६७० किलो. याच मापात ९१ चाही टायर मिळतो, त्याला ६१५. ऑक्टेवियाला ९१ पुरेसा आहे, तरी मी मुद्दाम ९४ वाला, म्हणजे एक्स्ट्रा लोड घेतला. खड्डा चुकवता न येणाऱ्या रस्त्यांवर तेवढी जास्तीची ताकद असलेली बरी. फक्त याला हवेचं पथ्य जास्त. हवा कमी पडली तर जास्तीच्या भारक्षमतेचा काही उपयोग नाही.

पर्याय बरेच पाहिले. कॉन्टिनेंटलचा मॅक्सकॉन्टॅक्ट एमसी ६, गुडइयरचा ईगल एफ १, शांतता हवी असणाऱ्यांसाठी योकोहामाचा अॅडव्हान डीबी. व्रेडेस्टाइनचा अल्ट्रॅक व्होर्टीही डोक्यात होता. ही डच कंपनी अपोलोने २००९ मध्ये घेतली आणि २०२१ मध्ये हे नाव भारतात आणलं, त्यामुळे पुरवठ्याची चिंता कमी. पुरवठा हा किरकोळ मुद्दा नाही, बरं का. जून २०२० मध्ये सरकारने टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, आयातीला परवाना लागायला लागला, आणि तेव्हापासून आयात होणाऱ्या टायरचं माप, किंमत, तारीख यांचा भरवसा राहिला नाही. आज मिळतो तो टायर सहा महिन्यांनी एक फुटला तर जोडीला मिळेलच असं नाही. याच कारणासाठी माप बदलायच्या फंदात पडलो नाही. २३५ घातला असता तर दिसायला भरदार, पण दुर्मीळही झाला असता आणि स्पीडोमीटरही किंचित हलला असता.

शेवटी पायलट स्पोर्ट ४ ठरला. नावांचा घोळ आधी निस्तरतो. 'स्पोर्ट ४' वेगळा आणि 'स्पोर्ट ४ एस' वेगळा. एस हा वरच्या दर्जाचा, मुख्यतः मोठ्या रिमसाठीचा टायर. २०२२ मध्ये आलेला 'स्पोर्ट ५' हा ४ चा वारसदार. फोनवर भाव विचारताना एस आहे की नाही ते दोनदा विचारा.

चार टायर, अलाइनमेंट, बॅलन्सिंग धरून बिल साठ हजारांच्या आतबाहेर. घरी बाबांना आकडा सांगितल्यावर त्यांचं एकच वाक्य: "तितक्यात स्कूटर इली असती रे!" खरंच आली असती.

बसवताना दुकानात उभं राहावं, चहा प्यायला जाऊ नये. पहिलं काम म्हणजे साइडवॉलवरचे चार आकडे बघणं: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही टायरचे आकडे बघायचे, एकाचे बघून समाधान मानायचं नाही. मला आधी दाखवलेल्या चारात एक टायर बाकीच्यांपेक्षा दोन वर्षं जुना निघाला. दुकानदाराने वाद न घालता बदलून दिला, म्हणजे त्यालाही माहीत होतं. दुसरं, हा टायर असमान नक्षीचा आहे. बाहेरच्या अंगाला 'आउटसाइड' लिहिलेलं असतं, ती बाजू बाहेरच आली पाहिजे. तिसरं, या गाडीला नट नाहीत, बोल्ट आहेत, आणि ते १२० न्यूटन मीटरला आवळायचे असतात. दुकानातला पोरगा हवेच्या गनने धाडधाड आवळून मोकळा होणार होता. टॉर्क पाना कोपऱ्यात धूळ खात होता, तो काढायला लावला. पुढे वाटेत पंक्चर झालं तर ते बोल्ट पायाने उडी मारून सैल करायची वेळ आपल्यावर येते.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर सबुरीने चालवले. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा पातळ थर असतो, तो घासला जाईपर्यंत खरी ग्रिप येत नाही.

कोरड्यात फार लिहिण्यासारखं नाही. स्टिअरिंग वळवल्यावर गाडीचं नाक लगेच वळतं, खंबाटकीच्या वळणांवर चारचौघांच्या वेगात टायर कुरकुरसुद्धा करत नाही. पहिल्या गिअरमध्ये पूर्ण पाय दिला तर चाक अजूनही फिरतं, ते कुठल्याही टायरवर फिरणारच. दुसऱ्यात आता फिरत नाही.

खरा पैसा वसूल झाला तो पावसात. ताम्हिणीत जुलैत एकदा असा पाऊस होता की वायपर शेवटच्या वेगावर आणि तरी पुढची गाडी नुसते दोन लाल ठिपके. उतारावर डाव्या वळणाच्या तोंडाशी डोंगरावरून आलेलं पाणी रस्ता आडवा ओलांडत होतं, सोबत बारीक खडी. वेग चाळीसच्या आत. पाण्यात शिरताना स्टिअरिंगला हलका झटका बसला, खडी चाकाच्या कमानीत तडतडली, आणि गाडी धरलेल्या रेषेत तशीच पुढे गेली. एबीएसची थरथर पायाला जाणवली नाही, पिवळा दिवा लागला नाही. जुन्या टायरवर याच घाटात गाडी वळणाबाहेर एक फूट सरकायची आणि मग सावरायची. तो सरकण्याचा प्रकार संपूर्ण पावसाळ्यात झाला नाही.

पाण्यावर तरंगणं मात्र कुठल्याच टायरला चुकलेलं नाही. साताऱ्याच्या पुढे रुंदीकरणाच्या कामामुळे ठिकठिकाणी पाणी साचतं. अशा एका तळ्यात ऐंशीला शिरलो तेव्हा स्टिअरिंग क्षणभर हलकं झालं. चौपदरी रस्ता मोकळा दिसतो म्हणून पाय दाबणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पाणी बाहेर फेकायचं काम खाचा करतात आणि त्यांना वेळ लागतो. वेग वाढला की तो वेळ मिळत नाही. पहिल्या पावसाचा तेलकट रस्ता तर आणखी वेगळा, तिथे साठ हजारांचे टायर असले तरी जपूनच चालवायचं.

खड्डे. २२५ च्या ४५ टक्के म्हणजे साइडवॉल जेमतेम दहा सेंटीमीटर. आजऱ्याच्या पुढे एका कडेच्या खड्ड्यात पुढचं डावं चाक असं आपटलं की गाडीतल्या सगळ्यांनी श्वास रोखला. थांबून टॉर्चने बघितलं: साइडवॉलवर फुगा नाही, चीर नाही. रिमच्या आतल्या कडेला मात्र किंचित बाक आला, नंतर सरळ करून घेतला. रिमच्या बाहेर येणारी रबराची जाड कड फुटपाथच्या घासण्यापासून अॅलॉय वाचवते, खड्ड्यापासून नाही. एवढं बघून म्हणेन की सतरा इंची रिमवर समाधानी राहा. अठरा-एकोणीस इंची रिम फोटोत देखणी दिसते, पण आपल्या रस्त्यांवर ती फुग्यांचं आमंत्रण आहे.

आवाज डांबरावर सामान्य. एक्स्प्रेसवेच्या काँक्रीटवर घरघर येते, पण ती तिथे सगळ्याच गाड्यांना येते. आराम आधीच्या टायरपेक्षा जरा कमी, छोटे सांधे जास्त कळतात. अॅव्हरेजमध्ये अर्ध्या किलोमीटरचा फरक पडला असेल. ही गाडी घेणाऱ्याने अॅव्हरेज मोजत बसू नये.

हवा हा टायरइतकाच मोठा विषय आहे. आकडा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर असतो, गाडीतल्या भारानुसार. हवा सकाळी, गार टायरमध्ये भरायची. समृद्धीवर एप्रिलमध्ये गेलो तेव्हा पहाटे ३५ पीएसआय भरलेली हवा दुपारी जेवायला थांबलो तिथे ४० दिसली. घाबरून कमी करायची नाही. गरम टायरची हवा सोडली की गार झाल्यावर ती कमी पडते, कमी हवेत साइडवॉल जास्त वाकते, वाकल्याने आणखी तापते, आणि तासन् तास एकाच वेगात काँक्रीटवर धावताना टायर फुटतात ते बहुतेक याच साखळीतून. नायट्रोजनसाठी जास्तीचे पैसे देत नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्यापेक्षा चांगला गेज डिकीत ठेवावा आणि पंधरा दिवसांतून एकदा वापरावा. पंपावरच्या दोन यंत्रांत तीन-तीन पीएसआयचा फरक पाहिलाय.

झीज अपेक्षेप्रमाणे पुढे जास्त. आठ हजारांवर पुढचे मागे घेतले, आता चारही बऱ्यापैकी एकसारखे आहेत. अंदाजे पस्तीस हजार चालतील असं वाटतं. टायरच्या खाचेतली उंचवट्याची खूण १.६ मिलिमीटरवर येते आणि कायद्याला तेवढं चालतं, पण पावसाळ्याच्या तोंडावर तीनच्या खाली असतील तर मी वाट बघणार नाही. दोनच बदलायची वेळ आली तर नवे मागे जातील. गाडी पुढच्या चाकांवर ओढते म्हणून दुकानदार नवे पुढे घालायला निघतो, त्याला अडवायचं. ओल्या वळणावर पुढची चाकं सरकली तर पाय काढून सावरता येतं, मागची सरकली तर बहुतेकांना नाही.

साधी १.४ ऑक्टेविया असेल आणि बहुतेक फिरणं शहरातलंच असेल तर हा टायर घेऊ नका, टूरिंग जातीचा घ्या. जास्त चालेल, शांत राहील आणि वीस हजार वाचतील. मागच्या चाकांवर जोर असणाऱ्या, पुढे-मागे वेगळी मापं आणि रन-फ्लॅट (हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे टायर) असणाऱ्या जर्मन गाड्यांचं गणित वेगळं आहे. तिथे पुढचे-मागचे अदलाबदल करता येत नाहीत, साधे टायर घातले तर स्टेपनीची सोय आधी बघावी लागते. माझ्या गाडीला पुढच्या वेळी स्पोर्ट ५ या मापात आणि ताज्या तारखेचा मिळाला तर तो, नाहीतर पुन्हा हेच.