जनरेटरची 'परमिशन' म्हणून मला विकलेला कागद

आमच्या गोव्यात डिचोलीला पावसात माड पडून तार तुटली की रात्र रात्र लाईट नाही, आणि सासऱ्यांना ऑक्सिजनचं मशीन, म्हणून चवथीच्या आधी १५ केव्हीएचा (केव्हीए म्हणजे जनरेटरची क्षमता) डिझेल जनरेटर घेतला. एजंट म्हणाला पात्रांव टेन्शन घेऊ नका, परमिशन, अर्थिंग सगळं माझ्याकडे लागलं, फक्त परमिशनचे १८ हजार वेगळे. दिले. पावती? "सरकारी कामाची पावती नसते." आठ दिवसांनी लॅमिनेट केलेला इंग्रजी कागद आला, खाली गोल निळा शिक्का. मी तो मीटरच्या बाजूला खिळ्याला टांगला पण, हसू नका.

उघड झालं ते लायनमनमुळे. खांबावर चढायच्या आधी आमचा जनरेटर ऐकून तो सरळ आत आला, "चेंजओव्हर खंय आसा?" म्हणजे घर एका वेळी एकतर बाहेरच्या लाईटला नाहीतर जनरेटरला जोडणारा स्विच कुठे आहे. नव्हताच. एजंटच्या पोराने वायर थेट बोर्डात घातलेली, लाईट गेली की मेन स्विच हाताने पाडायचा एवढंच सांगून गेलेला. लायनमन म्हणाला, एक दिवस पाडायला विसरलात की तुमचा करंट उलटा बाहेरच्या तारेत जाणार, ट्रान्सफॉर्मरमधून चढून हजारो व्होल्ट होणार, आणि वर मी असणार. माझे हातपायच गळाले. मग त्याने अर्थिंगची सळी धरली तर ती हातात हलली, तीही एकच. जनरेटरच्या बॉडीला अर्थिंगच्या दोन वेगळ्या जोडण्या लागतात, न्यूट्रलला वेगळ्या.

कागद मात्र खरा होता, तीच तर गंमत. कंपनीला जनरेटर विकण्यासाठी प्रदूषण मंडळाच्या नियमाप्रमाणे आवाज-धुराचं मॉडेल पास करून घ्यावं लागतं, एक मीटरवर ७५ डेसिबल वगैरे, त्याची ती झेरॉक्स. घराशी संबंध शून्य, माझं नाव नाही, घर नंबर नाही, आणि केव्हीए लिहिलेत ६२.५! माझ्या कामाचे कागद वेगळेच, लायसन्सवाल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट, आणि सेट ठराविक क्षमतेच्या वर असेल तर विद्युत निरीक्षकाची तपासणी. तुमचा सेट त्यात बसतो का ते त्या ऑफिसात स्वतः जाऊन विचारा, एजंटला नको.

एजंटने आधी "गावी आहे" सांगितलं, मग फोन ब्लॉक. चेंजओव्हर आणि अर्थिंग दुसऱ्याकडून करून घेतलं, तो खर्च वेगळा. परवा साखळीच्या एका ओळखीच्याने त्याच्या नव्या जनरेटरच्या परमिशनचा फोटो पाठवला, निळा शिक्का, ६२.५ केव्हीए. त्याचा सेट १० चा आहे.