मार्बल पेपरची कार्डं: शेव्हिंग फोम की ऑइल पेंट?
शेव्हिंग फोमचं सोपंय. फोमच घ्या, जेल नको, ट्रेमध्ये पसरायचा, वर खायच्या रंगाचे थेंब टाकून टूथपिकने फिरवायचं, जाड कार्डशीट दाबून उचलायचा आणि वरचा फोम पट्टीने ओढून काढला की खाली नक्षी तयार. पोरं जाम खूश. फक्त रंग जरा फिकट येतात आणि उन्हात उडतात.

ऑइल पेंट म्हणजे शाळेत चित्रकलेच्या तासाला करायचो ते, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून पाण्यावर सोडायचा, काडीने हलवायचा, कागद अलगद टेकवायचा. शिरा काय दिसतात राव, अगदी संगमरवर! पण वास डोक्यात जातो, गॅसजवळ तर अजिबात नको, वाळायलाही वेळ लागतो, त्यात नाशिकच्या पावसात राखीची कार्डं करायला घेतलीत तर मग बघायलाच नको. शिवाय त्यावर जेल पेन नीट उठत नाही, म्हणून त्या कागदाची पट्टी कापून साध्या कार्डावर चिकटवायची आणि मजकूर बाजूला लिहायचा.

सामान नाशिकच्या मेन रोडला मिळून जातं. लहान मुलं सोबत असतील तर फोमच, दिवाळीला मोठ्यांना द्यायचं असेल तर मी ऑइल पेंटच घेईन.