‘फिटिंगला हात लावू नका’ : कोल्हापुरात घेतलेला जुना टँक आणि बुडालेले अकरा हजार

होल मारलेला माशांचा जुना टँक विकणारा माणूस ‘बल्कहेड काढू नका, सील बसलंय’ असं म्हणाला, तर तिथूनच मागे फिरा. बल्कहेड म्हणजे होलमधून पाईप जाण्यासाठीचा नट आणि रबरी वायसरचा सांधा. घरावरच्या पाण्याच्या टाकीला असतो तसाच. तो हाताने निघतो आणि हाताने बसतो. काढल्याने काही बिघडत नाही, आधीच बिघडलेलं असेल ते दिसतं एवढंच.

मला ऑस्कर माशासाठी ४ बाय २ बाय २ फुटांचा टँक हवा होता. ऑस्कर खातो भरपूर आणि घाण करतो त्याहून जास्त, तेव्हा सम्प, म्हणजे टँकखाली ठेवायची पाणी गाळायची वेगळी टाकी, हवाच. रंकाळ्याच्या पलीकडं राहणाऱ्या एकाची जाहिरात दिसली. १२ एमएम काच, कोपऱ्यात ओव्हरफ्लो बॉक्स (वरचं पाणी खाली सम्पकडं सोडणारा कप्पा), तळाला दोन होल, सोबत सम्प, ‘लीक टेस्टेड’, भाव १४ हजार. घासाघीस करून ११ हजारांवर आला, वर चहा पाजला.

“काच टफन्ड हाय भावा, होल मी सोता मारल्यात. डोळं झाकून न्या.”

या एका वाक्यातच थाप आहे. टफन्ड म्हणजे तापवून झटक्यात थंड करून कणखर केलेली काच. तिला होल आधी पाडतात आणि मग काच टफन करतात. टफन झालेल्या काचेला ड्रिल लावलं की तिचा चुरा होतो. म्हणजे काच टफन्ड असेल तर होल याने मारलेले नाहीत, आणि याने मारले असतील तर काच साधी. साध्या काचेला होल मारणं चालतं, त्यात काही गैर नाही; खोटं सांगून किंमत वाढवणं गैर. पोलराइज्ड गॉगल घालून, काचेमागे मोबाईलचा पांढरा स्क्रीन धरून बघा. टफन्ड काचेत बहुधा गडद डाग किंवा पट्टे दिसतात, साध्या काचेत नाहीत.

लीक टेस्ट म्हणून त्याने वीतभर पाणी भरलेलं दाखवलं. “आज नळाला पाणी न्हाई ओ, न्हाईतर काठोकाठ भरून दावला असता.” पाण्याचा दाब खोलीवर ठरतो. वीतभर पाण्यात जी भेग गप्प बसते, ती दोन फुटांना तोंड उघडते. तळाला बाहेरून काळी फिल्म चिकटवलेली होती, ‘लूक चांगला येतो’ म्हणून.

रिकामा टँकच नव्वदेक किलोचा. छोटा हत्ती, चार गडी, उद्यमनगरातून वेल्डिंग करून आणलेला स्टँड, हा खर्च वेगळाच. नशीब एवढंच की पहिल्यांदा अंगणात भरला. पाऊण टँक भरेपर्यंत कोरडा होता, मग फिल्मच्या कडेनं थेंब सुरू झाले.

रिकामा करून फिल्म सोलली, बल्कहेड काढले. एक होल गरजेपेक्षा मोठं पडलेलं आणि कडेचे टवके उडालेले. उरलेली फट एपॉक्सी पुट्टीने लिंपून वर काळा रंग मारलेला. होल आणि बाजूच्या काचेमध्ये निदान होलच्या व्यासाएवढं अंतर हवं, इथं बोटभरही नव्हतं. आणि त्या होलपासून थेट कडेपर्यंत गेलेली भेग, वायसरखाली आणि सिलिकॉनच्या थराखाली दडवलेली.

फोन केला तर म्हणाला, “नेताना धडकला आसंल.” भेगेच्या आत पुट्टी मुरलेली होती. टेम्पोत बसून कुणी पुट्टी भरत नाही. तसा फोटो पाठवल्यावर नंबर ब्लॉक.

सम्पचंही तेच. ‘पुरतोय की’ म्हणून दिलेला सम्प जेमतेम ५५ लिटरचा. या मापाच्या टँकमध्ये एक इंच पाणी म्हणजे सुमारे १९ लिटर. लाईट गेली की पंप थांबतो आणि रिटर्न पाईपचं (सम्पमधलं पाणी वर टँकमध्ये नेणाऱ्या पाईपचं) तोंड पाण्यात जेवढं बुडालेलं असेल तेवढं पाणी सायफनने उलटं खाली येतं. याच्या पाईपचं तोंड तीन इंच खाली होतं, म्हणजे तेवढं पाणी सम्पमध्ये मावणारच नाही. रिटर्न पाईपला पाण्याच्या पातळीलगत बारीक होल पाडलं की हवा शिरून सायफन तुटतो, तेही केलेलं नव्हतं. आपल्याकडं लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको.

बघायला जाताना टॉर्च न्या. बल्कहेड आणि फिल्म समोर काढायला लावा, काचेच्या कडेतून आडवा उजेड टाका, भेग चमकते. होलच्या कडेवरून नख फिरवा. रबरी वायसर आतल्या, म्हणजे पाण्याच्या बाजूला आहे ना, ते बघा. नंतर काठोकाठ भरून एक दिवस ठेवायला सांगा, पैसे त्यानंतर. भेगेवर सिलिकॉनचा इलाज नाही, शिवाय जुन्या सिलिकॉनवर नवं नीट धरतही नाही.

पोलिसांत अर्ज दिलाय. ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, माणूस मात्र तोच. यूपीआयची पावती आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट जोडलेत. ‘लीक टेस्टेड’ हे शब्द लेखी असल्याचा एवढा उपयोग झाला. काचवाला तळ बदलून द्यायला तयार आहे, पण तो सांगतोय त्या पैशात थोडी भर घातली की नवाच टँक येतो.

त्याच माणसाची तीन फुटी टँकची जाहिरात काल परत दिसली, नाव दुसरं. तळाला काळी फिल्म आहे आणि फोटोत पाणी वीतभरच.