घरच्या गाडीला टर्बो, की टर्बोचीच गाडी?

भुसावळच्या मावसभावाला कन्नडचा घाट चढताना गाडीत दम हवाय. साध्या पेट्रोल इंजिनाला टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) बसवावा, की गाडी विकून मुळातच टर्बो असलेली सेकंडहँड घ्यावी, यात तो अडकलाय.

खर्चाचं आधी. टर्बो एकटा येत नाही. मॅनिफोल्ड (एक्झॉस्टचा धूर टर्बोकडे नेणारा पाइप), इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा), पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर, ऑइलची लाइन, ईसीयू म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग, बऱ्याचदा क्लचही.

खरा प्रश्न टिकण्याचा आहे. साध्या इंजिनाचं कॉम्प्रेशन बहुधा १० ते ११ असतं, म्हणजे पिस्टन आतलं मिश्रण तितक्या पटीने दाबतो. त्यात हवा दाबून भरली की ज्वाला पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटू शकतं. हेच नॉकिंग, आणि ते पिस्टन फोडू शकतं. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात. आत जाणारी हवाच तापलेली, म्हणून धोका जास्त. टर्बो बसवायचाच तर बूस्ट (टर्बोचा जादा दाब) ०.३ ते ०.४ बारपुरता, इंटरकूलर हवाच, टायमिंग मागे म्हणजे ठिणगी जरा उशिरा, आणि नॉकिंगला जास्त दाद न देणारं ९५ ऑक्टेन पेट्रोल. त्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडर दाब नीट धरतात का ते कळेल. थकलेल्या इंजिनाला हात लावू नका. कंपनीच्या टर्बो इंजिनात पिस्टन, रॉड, कूलिंग त्या दाबासाठीच बनवलेलं असतं. फक्त ऑइल वेळेवर बदला.

कागदपत्रं: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल अडवतं, विम्याचा दावाही अडकू शकतो.

रोजच्या वापराला, घरच्यांना घेऊन घाट चढायला कंपनीचीच टर्बो गाडी. दुसरी गाडी दारात असेल, चांगला ट्यूनर हाताशी असेल आणि टर्बो बसवलेली गाडी फक्त शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायची असेल, तरच टर्बोचं किट.