स्लीप स्टडी घरी करावी की हॉस्पिटलात?

रात्री नऊच्या सुमारास माणसं आमच्या स्लीप लॅबमध्ये यायला लागतात. कुणी आपली उशी घेऊन येतं, कुणी घरची गोधडी. सोबत बहुतेक वेळा बायको नाहीतर नवरा असतो आणि खरी तक्रार तीच व्यक्ती सांगते : "घोरणं मी सहन केलं असतं हो, पण मध्येच श्वास थांबतो. मग मीच हलवून जागं करते." हा बहुधा स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडकण्याचा आजार. तो शोधायला रात्रभर झोपेची तपासणी करतात, तीच स्लीप स्टडी. पुढचा प्रश्न हल्ली ठरलेला. हे घरच्या घरी होत नाही का?

होतं. काहींचं उत्तम होतं, काहींनी मात्र त्या वाटेला जाऊच नये. मी बरीच वर्षं रात्रपाळीत या तपासणीच्या वायरी लावते आहे, आणि चुकीच्या तपासणीपायी लोकांचं वर्ष-दोन वर्षं वाया गेलेलं पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

घरच्या तपासणीत बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, नाकाशी बारीक नळी आणि छातीवर एक पट्टा असतो. कसं लावायचं ते दाखवून देतात, रात्री तुमचं तुम्ही लावायचं, सकाळी परत द्यायचं. लॅबमध्ये याच्या जोडीला डोक्यावर मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या वायरी, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखाली, दोन्ही नडग्यांवर, शिवाय ईसीजी, पोटाचा पट्टा, घोरण्यासाठी माइक आणि खोलीत कॅमेरा. हे सगळं चिकटवायला पाऊण तास जातो. (येताना डोक्याला तेल लावू नका, ही हात जोडून विनंती. खोबरेल तेलावर वायर टिकत नाही. नखांना पॉलिश असेल तर तेही पुसून या.)

वायरींची संख्या हा मुद्दाच नाही. मुद्दा एवढाच की घरचं यंत्र मेंदू बघत नाही. त्यामुळे तुम्ही झोपलात की नुसते आढ्याकडे बघत पडलात, हे त्याला कळत नाही. आणि सगळा निकाल त्यावर अवलंबून असतो. श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा उथळ झाला की एक घटना मोजतात. तासाला अशा ५ ते १५ घटना असतील तर आजार सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. रिपोर्टवर याला एएचआय म्हणतात. आता समजा, रात्रभरात १०० घटना झाल्या. यंत्र ८ तास चालू होतं, झोप लागली ५ तास. लॅब १०० ला ५ ने भागेल : २०, म्हणजे मध्यम. घरचं यंत्र ८ ने भागेल : साडेबारा, म्हणजे सौम्य. माणूस तोच, रात्र तीच. शिवाय ऑक्सिजन फारसा न घसरता नुसती झोपमोड करणाऱ्या घटना घरच्या यंत्रातून निसटतात.

एक ट्रकचालक आले होते. घरचा रिपोर्ट सौम्य, "वजन कमी करा" एवढ्यावर बोळवण झालेली. बोलता बोलता म्हणाले, सिग्नलला गाडी थांबली की डोळे मिटतात. घरच्या रात्री नाकातली नळी केव्हा सरकली, त्यांना पत्ताच नव्हता. लॅबमध्ये त्यांचा आजार तीव्र निघाला. आमच्याकडेही त्यांची नळी सरकलीच, पण रात्री दोनला मी आत जाऊन ती नीट बसवली.

म्हणून माझं स्पष्ट मत : घरची तपासणी "आजार आहे" म्हणाली तर विश्वास ठेवा आणि उपचाराला लागा. "नाही" म्हणाली आणि दिवसा पेंग येतच असेल, तर तिथे थांबू नका, लॅबची रात्र मागून घ्या. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच सांगितलंय.

घर कुणाला पुरतं? जोरात घोरणारे, श्वास अडकताना घरच्यांनी पाहिलेले, दिवसा झोप येणारे, रक्तदाब किंवा जाड मान असलेले, पण एरवी ठणठणीत असे प्रौढ. अशांना घरी खर्च कमी, थांबावं लागत नाही, आणि आपल्या अंथरुणात झोप बरी लागते. लॅबमधल्या पहिल्या रात्री झोप उणीच लागते, हे मी मान्यच करते.

थेट लॅबमध्ये कुणी यावं? हार्ट फेल्युअर, पक्षाघात, फुप्फुसांचा जुना आजार किंवा स्नायूंची दुर्बलता असलेल्यांनी, मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं घेणाऱ्यांनी. झोपेत ओरडणारे, लाथा मारणारे. आणि दिवसा अचानक झोपेचा झटका येणारे. त्यांना रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी दोन-दोन तासांनी पाच डुलक्यांची वेगळी चाचणीही लागते. लहान मुलांचंही लॅबमध्येच करा. लॅबचा आणखी एक फायदा क्वचितच कुणी सांगतं : पहिल्या काही तासांत आजार तीव्र दिसला, तर उरलेल्या रात्री तिथेच उपचाराच्या मशीनचा मास्क लावून हवेचा योग्य दाब ठरवता येतो. एका रात्रीत दोन्ही कामं होतात.

नुसती झोप लागत नाही, एवढीच तक्रार असेल तर बहुधा दोन्हींची गरज नसते. दोन आठवडे झोपेची वही ठेवा आणि झोपेच्या गोळ्यांआधी निद्रानाशासाठीच्या वर्तनोपचाराबद्दल डॉक्टरांना विचारा.

निदान झाल्यावर पुढचा पेच मशीनचा. सीपॅप हे मशीन मास्कमधून हवेचा सतत दाब देऊन घसा उघडा ठेवतं. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी ही पद्धत जगापुढे आणली. एकच दाब देणारं मशीन घ्यायचं तर तो दाब आधी ठरवावा लागतो, तोही शक्यतो लॅबमध्ये. ऑटो मशीन साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाणी (हे दाबाचं एकक) या दरम्यान स्वतःच दाब कमी-जास्त करतं, म्हणून घरी निदान झालेल्यांना ते सोयीचं. साध्या आजारात दोन्हींचा गुण सारखाच. हार्ट फेल्युअर असलेल्यांनी मात्र ऑटो मशीन परस्पर विकत घेऊ नये.

जबडा पुढे ओढणारं दातांचं उपकरण मशीनइतका एएचआय खाली आणत नाही, पण लोक ते नेमानं लावतात. सौम्य-मध्यम आजार आणि दात धड असतील, किंवा मास्क सहनच होत नसेल, तर ते जरूर विचारात घ्या. ऑपरेशन मोठ्यांमध्ये सहसा पहिला उपाय नसतं. मुलांमध्ये टॉन्सिल-ॲडिनॉइड काढणं हाच बहुधा पहिला उपाय.

मशीन आधी महिनाभर भाड्यानं घ्या. जुनं घेत असाल तर मॉडेल नंबर तपासा. आवाज दाबणाऱ्या फोमच्या दोषामुळे फिलिप्सनं जून २०२१ मध्ये बरीच मशीन परत मागवली होती. वीज जाणाऱ्या गावात इन्व्हर्टरवर चालवताना हवा दमट करायला पाणी तापवणारा भाग बंद ठेवा, बॅटरी तोच जास्त खातो. आणि मास्क दुकानात उभ्यानं लावून पसंत करू नका. आडवे व्हा, मशीन चालू करा, कुशीवर वळा. डोळ्यांशी हवा झिरपली तर दुसरा मास्क मागा.