बुधवारची साखळी : ठाण्यातील ज्येष्ठांच्या मनोबल वर्गाचा अनुभव

नौपाडा आणि पाचपाखाडी यांच्या मधल्या भागात असलेल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाने यंदा साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी बारा आठवड्यांचा एक वर्ग घेतला. दर बुधवारी दुपारी चार ते साडेपाच अशी वेळ होती आणि चहा व एक जाड वही धरून संपूर्ण वर्गाचे शुल्क १,२०० रुपये होते. 'उतारवयातील मनोबल आणि सहभाग' असे पत्रकावर छापलेले होते. बारापैकी अकरा सत्रांना मी हजर होते, तेव्हा त्याबद्दल सविस्तर लिहिण्याइतका अनुभव माझ्याजवळ आहे. संघाचे नाव मात्र देत नाही. येथे बोललेले येथेच राहील, असा शब्द आम्ही पहिल्याच दिवशी एकमेकांना दिला आहे आणि अठरा जणांच्या वर्गात संघाचे नाव कळले की माणसे ओळखायला वेळ लागत नाही.

मी एकाहत्तर वर्षांची आहे. १९७६ मध्ये टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले, १९८६ मध्ये मुंबईचा कारभार महानगर टेलिफोन निगमकडे गेला तेव्हा निगमात आले आणि २०१४ मध्ये निवृत्त झाले. ट्रंक कॉल, अर्जंट कॉल, लाइटनिंग कॉल यांच्या गडबडीत तारुण्य गेले. ओळीवर कितीही खरखर असली तरी पलीकडच्या माणसाचे बोलणे मला नेमके कळत असे. यजमान जाऊन तीन वर्षे झाली. त्याच सुमारास माझे ऐकणे कमी होऊ लागले आणि हळूहळू फोनची घंटा वाजली की छातीत धडधडू लागले, कारण समोरून काय बोलतील ते कळणार नाही आणि आपण भलतेच उत्तर देऊ, ही भीती मनात बसली होती. श्रवणयंत्र घेतलेले होते, पण ते कपाटाच्या खणात डबीतच असायचे. मुलगी बंगळूरला असते. या वर्गाचे पत्रक तिनेच मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले आणि दोन दिवसांनी परस्पर पैसेही भरून टाकले.

ठाण्याला मानसिक आरोग्याचा विषय नवा नाही. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये येथे आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था सुरू केली, तेव्हापासून 'समुपदेशन' हा शब्द आमच्याकडच्या घरांतून मोकळेपणाने उच्चारला जाऊ लागला. तरीही माझ्या वयाच्या पुष्कळ लोकांना अजून असे वाटते की मनाचा त्रास होणे म्हणजे वेड लागणे, किंवा मग तो नुसताच नाजूकपणा. वर्गाच्या समुपदेशक बाईंनी ही अडचण ओळखून पहिल्या दिवशी व्याख्यान दिलेच नाही. त्यांनी आमच्या हाती पंधरा प्रश्नांचा एक कागद ठेवला. ही 'जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल' नावाची चाचणी असून जेरोम येसावेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ती खास वृद्धांसाठी तयार केली. उत्तरे केवळ हो किंवा नाही अशी द्यायची असतात. तिच्यात झोप, भूक किंवा अंगदुखी यांबद्दल एकही प्रश्न नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. सत्तरीत झोप उडण्याला गुडघा, प्रोस्टेट, रक्तदाबाची गोळी अशी दहा कारणे असू शकतात आणि त्यांवरून मनाचा अंदाज बांधला तर तो चुकतो, म्हणून तसे प्रश्न मुद्दाम टाळलेले आहेत. या कागदावरून निदान होत नाही, डॉक्टरांकडे जायला हवे की नाही एवढेच कळते, हेही बाईंनी स्पष्ट सांगितले. प्रत्येकाचा निकाल त्यांनी स्वतंत्रपणे, बाजूच्या खोलीत बसवून सांगितला. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, कशातच रस वाटेनासा झाला, तर थांबायचे नाही, असे सांगून त्यांनी एकेक छोटे कार्ड दिले. त्यावर टेलि-मानस या चोवीस तास चालणाऱ्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीच्या एल्डरलाइनचा १४५६७ हे दोन क्रमांक होते. ते कार्ड मी फ्रिजवर लावले आहे.

दुसरे आणि तिसरे सत्र अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर होते. ही पद्धत कि. मो. फडके यांनी मराठी माणसाच्या परिचयाची केली, त्यामुळे तिचे नाव काहींनी ऐकले होते, पण स्वतःवर ती कोणी वापरून पाहिली नव्हती. वहीत तीन रकाने आखायचे : घडले काय, त्यावर मी मनाशी काय म्हणाले, आणि त्यातून झाले काय. मी गोखले रोडवरच्या एका दुकानातला प्रसंग लिहिला. यूपीआयने पैसे देताना माझी बोटे जरा अडखळली, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने 'द्या आजी, मी करतो' असे म्हणून फोन माझ्या हातातून घेतला. पहिल्या रकान्यात इतकेच आले. दुसऱ्या रकान्यात मी लिहिले, 'आता आपल्याला काही जमत नाही आणि ते सगळ्यांना दिसते.' तिसऱ्या रकान्यात लिहावे लागले की त्या दिवसानंतर चार महिने मी फोनवरून एकदाही पैसे दिले नव्हते. तिन्ही रकाने शेजारी शेजारी पाहिल्यावर लक्षात आले की चार महिन्यांचे नुकसान त्या मुलाने केलेले नव्हते. त्याच्यामागे रांग होती, त्याला घाई होती. दुसऱ्या रकान्यातले वाक्य माझे होते आणि ते मीच रोज म्हणत राहिले होते.

पाचव्या सत्रात सोडलेले, ठेवलेले आणि बदललेले अशी यादी करायची होती. हा विचार पॉल आणि मार्ग्रेट बाल्टेस या मानसशास्त्रज्ञ दांपत्याचा आहे. तो समजावताना पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचे उदाहरण देतात, तेच बाईंनीही दिले : उतारवयात ते मोजक्याच रचना वाजवत, त्यांचा सराव अधिक करत, आणि जलद भाग येण्याआधी थोडे सावकाश वाजवत, म्हणजे पुढचा वेग आपोआप उठून दिसे. मला पियानोतले काही कळत नाही, पण दिवाळीच्या फराळातले कळते. पूर्वी मी सात पदार्थ करून आमच्या विंगमधील सर्व घरांत ताट पाठवत असे. यजमान गेल्यावर सगळेच बंद केले आणि त्याबद्दल दरवर्षी स्वतःला दोष देत राहिले. त्या यादीमुळे मी चकली, करंजी, शेव हे सारे विकत आणण्याच्या रकान्यात टाकले आणि अनारसे ठेवले. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे, मग सावलीत पसरून ओलसर असतानाच दळायचे, गूळ घालून मळलेला गोळा डब्यात मुरू द्यायचा, या सगळ्यात घाई नसते आणि ताकदही फारशी लागत नाही. तळताना पूर्वी मी उभी राहत असे, आता उंच स्टुलावर बसते. खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तूप झाऱ्याने वरून सोडत राहायचे असते, उलटायचे नसते, आणि जाळी पडताना दिसली की अजूनही मला पहिल्यांदा जमल्याइतका आनंद होतो. पूर्वी सात पदार्थांनी मिळायचे ते समाधान यंदा एका पदार्थाने दिले.

या वर्गाचे खरे मोल मात्र मला चौथ्या आठवड्यात सुरू झालेल्या फोनच्या साखळीत सापडले, आणि त्याविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. अठरा जणांचा क्रम ठरवून दिला होता. रोज सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला असे करत शेवटच्याने पुन्हा पहिल्याला फोन करायचा. झोप कशी झाली आणि आज काय करणार, हे दोनच प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही, दुखण्यांची उजळणी करायची नाही, दोन मिनिटांत ठेवून द्यायचा. फोन उचलला नाही तर दहा मिनिटांनी पुन्हा करायचा, तरीही उत्तर नसेल तर त्याच्या पुढच्याला फोन करून साखळी चालू ठेवायची आणि संघाच्या स्वयंसेविकेला कळवायचे. तिच्याकडे प्रत्येकाच्या शेजाऱ्याचा क्रमांक असे.

पहिल्या दिवशी मला समोरच्या गृहस्थांचे नावसुद्धा कळले नाही. मी नुसते 'हो, हो' म्हणत राहिले आणि फोन ठेवल्यावर मला रडू आले. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिलेल्या बाईला स्वतःचा एक फोन घेता येऊ नये, हे सहन होत नव्हते. बुधवारी वर्गात मी ते सांगितले. सांगायला धीर लागला. बाईंनी काही उपदेश न करता दोन गोष्टी केल्या. माझी खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवली, म्हणजे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड पडेल आणि मला ओठ दिसतील. साखळीतला माझा क्रमही बदलला आणि सावकाश, ठणठणीत आवाजात बोलणारे एक निवृत्त फोरमन माझ्या आधी आणले. वागळे इस्टेटमध्ये ३० वर्षे यंत्रांच्या आवाजात बोलण्याची त्यांना सवय होती. श्रवणदोष आणि माणसांपासून तुटलेपण या दोन्हींचा समावेश 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण बदलता येण्याजोग्या १४ घटकांत केला आहे, हेही त्याच दिवशी समजले. घरी येऊन मी डबी उघडली. नव्या सेलवरची तपकिरी चिकटपट्टी सोलली, त्याला हवा लागावी म्हणून मिनिटभर थांबले आणि यंत्र कानात बसवले. तेव्हापासून सकाळी पावणेआठला ते कानात असते. ऑपरेटर असताना आकडे जोडीजोडीने परत म्हणून खात्री करून घ्यायचो, ती सवयही परत आली आहे. कळले नाही तर मी सरळ 'पुन्हा सांगा' म्हणते आणि कोणी त्याचे वाईट मानलेले नाही.

सातव्या आठवड्यात माझ्या पुढच्या ताईंनी दोनदा फोन उचलला नाही. शेजारच्या बाई किल्ली घेऊन आत गेल्या तेव्हा त्या तापाने फणफणून पडलेल्या होत्या. मुलाला उगाच काळजी नको म्हणून त्यांनी रात्रभर कोणालाच कळवले नव्हते. डॉक्टर आले, औषध झाले, तीन दिवसांनी त्या साखळीत परतल्या. आपण फोन उचलला नाही तर ते कोणाच्या तरी लक्षात येते, या जाणिवेने रात्री शांत झोप लागते, असे त्या नंतर म्हणाल्या आणि माझाही अनुभव तोच आहे.

वर्गात उणिवाही आहेत. आठवे सत्र वियोगदुःखावर होते आणि त्यासाठी बाहेरून वक्ते बोलावले होते. इतका खोल विषय दीड तासात, त्यातही पाऊण तास पडद्यावरच्या बारीक अक्षरांतल्या मजकुरात संपवला गेला. काही महिन्यांपूर्वी तरुण मुलगा गमावलेल्या एका भगिनीला त्यांनी सर्वांसमोर 'स्वतःला कामात गुंतवून घ्या' असे सांगितले. त्या भगिनी उठून गेल्या. पुढच्या बुधवारी समुपदेशक बाईंनी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितल्याचे सांगितले आणि ठरलेला विषय बाजूला ठेवून संपूर्ण वेळ ज्यांना आपल्या गेलेल्या माणसाबद्दल बोलायचे होते त्यांना दिला. बोलायची सक्ती नव्हती. मी यजमानांबद्दल बोलले, आणि तीन वर्षांत प्रथमच कोणी मध्ये थांबवले नाही. या विषयाला किमान तीन सत्रे हवीत, असे मी अभिप्रायाच्या कागदावर लिहिले आहे.

'नवे मित्र जोडा' या आग्रहाशीही मी सहमत नाही. मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सेन यांच्या संशोधनानुसार पुढचा काळ मर्यादित आहे असे जाणवू लागले की माणूस ओळखीपाळखी आपणहून कमी करतो आणि जवळच्या नात्यांना अधिक वेळ देतो. मला चार माणसे पुरतात. गोतावळा लहान असणे आणि एकाकी असणे यांतला फरक वर्गात नीट सांगितला गेला नाही, त्यामुळे मितभाषी लोकांना आपलेच काही चुकते आहे असे उगाच वाटले.

बाकी अडचणी व्यवहाराच्या आहेत. सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बारा बुधवारांत तीनदा बंद होती. पंखे सुरू झाले की मागच्या दोन रांगांना काही ऐकू येत नाही. अठरा जणांत पुरुष केवळ चार होते. ज्यांना घराबाहेर पडताच येत नाही, त्यांच्यासाठी कोणतीही सोय नाही, आणि खरी निकड त्यांनाच असते. बाराव्या बुधवारी चहा आणि समोसे झाले, छायाचित्र काढले आणि वर्ग संपला. पुढे काय, याचा विचार आयोजकांनी केलेला दिसला नाही. साखळी आम्ही आमची चालू ठेवली आहे. आता तिच्यात अंथरुणाला खिळलेल्या दोन शेजारणी नव्याने आल्या आहेत, म्हणजे आम्ही वीस जण झालो.

पुढच्या वर्गाला येणाऱ्यांना एवढेच सांगते. ज्यांना कमी ऐकू येते त्यांनी वेळेआधी पोहोचून खिडकीजवळची खुर्ची घ्यावी आणि पहिल्याच दिवशी तसे सांगून टाकावे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी निघण्यापूर्वी लिफ्ट सुरू आहे ना, याची फोन करून खात्री करून घ्यावी.